विशेष शैक्षणिक गरजा, स्थानिक प्राधिकरणे आणि विलंब : इंग्लंडमधील पालकांनी मागितलेल्या न्यायाचा इतिहास (१९७० ते २०२५)

गोषवारा

इंग्लंडमध्ये विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या बालकांना साहाय्य उपलब्ध करून देण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजेच तेथील कौन्सिलांवर टाकलेली आहे. हे साहाय्य वेळेवर मिळत नाही ही पालकांची तक्रार त्या कायद्याइतकीच जुनी आहे. या विलंबाविरुद्ध पालकांनी कोणत्या मार्गांनी दाद मागितली आणि त्यातून कायद्याचे स्वरूप कसे घडत गेले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. कायद्याने विलंबाचा एक टप्पा बंद केला की विलंब मुदत नसलेल्या दुसऱ्या टप्प्यावर सरकतो, असे या इतिहासावरून दिसून येते.

१. प्रस्तावना

शिक्षणाच्या इतिहासात कायदे, आयोग आणि अहवाल यांची नोंद सविस्तर घेतली जाते. परंतु कायदा संमत झाल्यानंतर त्यातील हक्क प्रत्यक्ष बालकापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागला, याची नोंद क्वचितच होते. इतर प्रशासकीय कामांत उशीर झाल्यास त्याची भरपाई काही प्रमाणात शक्य असते. वयाच्या पाचव्या वर्षी आवश्यक असलेले वाचोपचार नवव्या वर्षी मिळाल्यास मधली चार वर्षे मात्र परत येत नाहीत. म्हणूनच या क्षेत्रातील विलंब ही केवळ कार्यालयीन दिरंगाई राहत नाही, तर ती शिक्षण नाकारण्याचीच एक रीत ठरते.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी इंग्लंडचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. तेथे १९८१ पासून वैयक्तिक स्वरूपाचा, लेखी आणि न्यायालयात मागता येईल असा हक्क अस्तित्वात आहे. हक्क एवढा स्पष्ट असूनही पालकांना वारंवार दाद का मागावी लागली, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न होय. स्कॉटलंडची शिक्षणव्यवस्था प्रारंभापासून स्वतंत्र आहे आणि वेल्सने २०१८ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला. त्यामुळे येथील विवेचन इंग्लंडपुरते मर्यादित आहे.

२. 'शिक्षणास अपात्र' ते 'विशेष शैक्षणिक गरजा'

अंध व मूकबधिर बालकांच्या शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये १८९३ मध्ये आणि त्या काळच्या भाषेत 'सदोष' व अपस्मारग्रस्त म्हटल्या गेलेल्या बालकांसाठी १८९९ मध्ये कायदे झाले. १९४४ च्या शिक्षण कायद्याने अशा बालकांचा शोध घेण्याचे कर्तव्य स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर सोपविले. याच कायद्यात काही बालकांना शिक्षणास अपात्र ठरवून आरोग्य विभागाकडे पाठविण्याची तरतूदही होती. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली मुले अशा रीतीने शाळेऐवजी प्रशिक्षण केंद्रात, रुग्णालयात किंवा घरीच राहत. त्यांच्या बाबतीत विलंबाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण शिक्षणाचा हक्कच मान्य नव्हता.

ही स्थिती १९७० च्या अपंग बालक शिक्षण कायद्याने पालटली. १ एप्रिल १९७१ पासून प्रत्येक बालकाच्या शिक्षणाची जबाबदारी शिक्षण प्राधिकरणांकडे आली आणि 'शिक्षणास अपात्र' हा वर्ग कायद्यातून नाहीसा झाला. त्यानंतर १९७३ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्याची घोषणा केली. या समितीचा अहवाल १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. अपंगत्वाच्या वैद्यकीय वर्गवारीऐवजी बालकाच्या 'विशेष शैक्षणिक गरजा' हा निकष समितीने मांडला. शालेय जीवनात केव्हा ना केव्हा पाचांपैकी एका बालकाला अशी गरज भासते, हे तिचे अनुमान पुढील सर्व चर्चेचा आधार ठरले. 'याला काय झाले आहे' हा प्रश्न मागे पडून 'याला शिकण्यासाठी काय हवे आहे' हा प्रश्न पुढे आला. पण बालकाला काय हवे हे एकदा ठरले की ते केव्हा मिळणार, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे उत्तर अहवालापेक्षा कायद्याने देणे आवश्यक होते.

३. १९८१ चा कायदा : कर्तव्य आहे, मुदत नाही

वॉर्नॉक समितीच्या शिफारशींवर आधारलेला १९८१ चा शिक्षण कायदा १ एप्रिल १९८३ पासून अमलात आला. ज्या बालकांच्या गरजा अधिक गुंतागुंतीच्या असतील त्यांचे बहुशाखीय मूल्यमापन करावे, त्यांच्या गरजा व त्यांना द्यावयाचे साहाय्य 'स्टेटमेंट' नावाच्या दस्तऐवजात नोंदवावे आणि त्यात लिहिलेल्या साहाय्याची व्यवस्था प्राधिकरणाने करावी, अशी ही योजना होती. यातील शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. प्राधिकरणाने व्यवस्था 'करावी' असे त्यात म्हटले होते. 'शक्य झाल्यास करावी' असे म्हटले नव्हते.

तथापि या कायद्यात दोन मोठ्या उणिवा राहिल्या. पहिली म्हणजे मूल्यमापन आणि स्टेटमेंट किती काळात पूर्ण करावे, याची बंधनकारक मुदत कायद्यात नव्हती. शासकीय परिपत्रकातून सहा महिन्यांची अपेक्षा व्यक्त झाली, परंतु अपेक्षा म्हणजे बंधन नव्हे. दुसरी उणीव दाद मागण्याच्या यंत्रणेत होती. पालक स्थानिक अपील समितीकडे जाऊ शकत; मात्र समितीला प्राधिकरणाचा निर्णय रद्द करता येत नसे. ती फार तर प्रकरण फेरविचारासाठी त्याच प्राधिकरणाकडे परत पाठवू शके. त्यानंतर शिक्षणमंत्र्यांकडे अपील करावे लागे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडे कागद परत, असा हा प्रकार होता. शिवाय नव्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा निधी दिला गेला नाही. संसदेच्या शिक्षणविषयक निवड समितीने १९८७ मध्ये आणि लेखापरीक्षण आयोग व शाळा निरीक्षकांनी १९९२ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी केली. १९९२ च्या अहवालाने विशेष गरजांची अस्पष्ट व्याख्या, प्राधिकरणांच्या उत्तरदायित्वाचा अभाव आणि स्टेटमेंट तयार करण्यातील दीर्घ विलंब यांवर बोट ठेवले.

या काळातील एक घटना पुढील इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. कायदा अमलात आला त्याच वर्षी, १९८३ मध्ये, 'इप्सी' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र सल्ला संस्था स्थापन झाली. पालकांना कायद्याची माहिती देणे आणि प्राधिकरणाच्या मतापेक्षा वेगळे तज्ज्ञ मत मिळवून देणे हे तिचे कार्य होते. तोवर बालकाविषयी बोलण्याचा अधिकार प्राधिकरणाच्याच सेवेतील तज्ज्ञांकडे होता. आता पालकांच्या हातीही कायद्याचे कलम आणि तज्ज्ञाचा अहवाल आला.

४. न्यायालयांनी लावलेला अर्थ

विलंबाचे समर्थन करताना प्राधिकरणांनी सामान्यतः तीन कारणे पुढे केली : ही बाब शिक्षणाची नसून आरोग्याची आहे, निधी उपलब्ध नाही, आणि आम्ही प्रयत्न करीत आहोत. गेल्या काही दशकांत या तिन्ही कारणांची न्यायालयांनी क्रमाने तपासणी केली.

पहिल्या कारणाचा निकाल १९८९ मध्ये लँकेशायर कौन्सिलविरुद्धच्या प्रकरणात लागला. बालकाला भाषा शिकविणे हे शिक्षणच असल्याने वाचोपचार हे शैक्षणिक साहाय्य ठरू शकते, असे अपील न्यायालयाने मान्य केले. याचा व्यावहारिक परिणाम मोठा होता. आरोग्य विभागाकडे वाचोपचारतज्ज्ञ नसेल तरी कौन्सिलची जबाबदारी संपत नव्हती. हॅरो बरोच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने हाच विचार पुढे नेला. स्टेटमेंटमधील साहाय्य देण्याचे कर्तव्य प्राधिकरणाचे स्वतःचे असून ते दुसऱ्या संस्थेवर ढकलता येत नाही, असे त्यात ठरले.

निधीच्या सबबीचा विचार हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९८ मध्ये ईस्ट ससेक्स कौन्सिलच्या प्रकरणात केला. आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या एका मुलीला आठवड्याला पाच तास घरी शिकविले जात होते. खर्चात कपात करण्यासाठी कौन्सिलने ते तीन तासांवर आणले. हे प्रकरण स्टेटमेंटविषयीच्या कलमाखालील नव्हते. आजारी बालकांना योग्य शिक्षण देण्याच्या कर्तव्याशी त्याचा संबंध होता. परंतु त्यातील तत्त्व व्यापक ठरले. 'योग्य शिक्षण' म्हणजे काय हे शैक्षणिक निकषांवर ठरते, कौन्सिलच्या तिजोरीवर नव्हे. कायद्याने घातलेले कर्तव्य पैशाच्या कारणास्तव ऐच्छिक अधिकाराच्या पातळीवर आणता येत नाही, असे लॉर्ड्सनी स्पष्ट केले. कौन्सिलकडे पैसा अजिबात नव्हता असे नाही. तो इतर ऐच्छिक कामांकडे वळविलेला होता, ही बाबही निकालात महत्त्वाची ठरली.

तिसरे कारण अधिक सोज्वळ वाटणारे होते. शिक्षक मिळत नाही, तज्ज्ञाची जागा रिक्त आहे, पण प्रयत्न चालू आहेत, असे उत्तर पालकांना वर्षानुवर्षे मिळत असे. २०१० मध्ये नॉर्थ टायनसाइड कौन्सिलच्या प्रकरणात अपील न्यायालयाने या उत्तराला कायद्यात आधार नसल्याचे सांगितले. स्टेटमेंटमध्ये लिहिलेले साहाय्य मिळाले किंवा नाही एवढाच प्रश्न असून, प्रामाणिक प्रयत्न केल्याचा बचाव कायद्याने दिलेला नाही, असा या निकालाचा आशय आहे.

झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा मार्ग मात्र खडतर राहिला. २००० मध्ये हिलिंग्डन बरोच्या प्रकरणात, डिस्लेक्सिया वेळीच न ओळखल्याबद्दल शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाच्या निष्काळजीपणासाठी प्राधिकरण उत्तरदायी ठरू शकते, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केले. परंतु असा दावा करणारी व्यक्ती न्याय मिळेपर्यंत प्रौढ झालेली असते. भरपाईने तिला पैसे मिळतात. शाळेतील वर्षे मिळत नाहीत.

५. मुदत आणि न्यायाधिकरण

१९९२ च्या अहवालानंतर संसदेने १९९३ चा शिक्षण कायदा केला. सप्टेंबर १९९४ पासून आचारसंहिता लागू झाली आणि स्वतंत्र विशेष शैक्षणिक गरजा न्यायाधिकरण स्थापन झाले. हाच या इतिहासातील खरा संक्रमणबिंदू होय. मूल्यमापन करावे की नाही याचा निर्णय सहा आठवड्यांत, मूल्यमापन त्यापुढील दहा आठवड्यांत, मसुदा दोन आठवड्यांत आणि अंतिम स्टेटमेंट आठ आठवड्यांत, अशी एकूण २६ आठवड्यांची मुदत नियमांनी ठरविली. न्यायाधिकरणाचा आदेश प्राधिकरणावर बंधनकारक होता. पुढे २००८ मध्ये हे कार्य नव्या प्रथमस्तरीय न्यायाधिकरणाकडे वर्ग झाले.

या सुधारणेने दोन टप्प्यांवरील विलंबाला आळा घातला. निर्णय किती काळ लांबवावा याला मर्यादा आली आणि चुकीचा निर्णय बदलून घेण्याची सोय झाली. परंतु न्यायाधिकरणाचा अधिकार दस्तऐवजात काय लिहावे एवढ्यापुरताच होता. लिहिलेले साहाय्य प्रत्यक्ष मिळाले नाही तर पालकांनी त्याच न्यायाधिकरणाकडे जाऊन उपयोग नव्हता. स्वतःच्या आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याची शक्ती त्याच्याकडे नव्हती. त्यासाठी उच्च न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकनाचा अर्ज करावा लागे. साहजिकच, कागद वेळेवर आणि अध्यापक उशिरा, अशी नवी स्थिती निर्माण झाली.

व्यवस्थेच्या जनकांनाही तिच्यातील हे वैगुण्य जाणवले होते. २००५ मध्ये मेरी वॉर्नॉक यांनी एका पुस्तिकेद्वारे स्टेटमेंट पद्धतीचा पुनर्विचार करण्याची मागणी केली. २००९ मध्ये ब्रायन लॅम्ब यांच्या चौकशी अहवालाने पालकांचा व्यवस्थेवरील विश्वास हाच मध्यवर्ती प्रश्न मानला. आपल्या मुलाला जे कायद्याने मिळावयाचे तेच मिळविण्यासाठी पालकांना झगडावे लागते, ही भावना दोन दशकांनंतरही कायम होती.

६. २०१४ नंतरचा काळ

२०१४ च्या बालक व कुटुंब कायद्याने स्टेटमेंटची जागा 'शिक्षण, आरोग्य व संगोपन योजने'ला दिली. ही योजना वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. विनंती मिळाल्यापासून अंतिम योजना देण्याची मुदत २० आठवड्यांवर आणली गेली आणि कलम ४२ अन्वये योजनेत नमूद केलेले विशेष शैक्षणिक साहाय्य मिळवून देण्याचे कर्तव्य कायम राहिले. कायदा अधिक काटेकोर झाला. व्यवहार मात्र तसा झाला नाही. शासकीय आकडेवारीनुसार अपवादात्मक प्रकरणे वगळता २० आठवड्यांत दिल्या गेलेल्या नव्या योजनांचे प्रमाण २०२१ मध्ये सुमारे ६० टक्के होते. २०२४ मध्ये ते ४६.४ टक्क्यांवर आले. याच दशकात योजनाधारक बालके व युवकांची संख्या २०१५ मधील सुमारे २ लाख ४० हजारांवरून जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ६ लाख ३८ हजारांवर गेली. गरज ओळखण्याचे प्रमाण वाढले, वयोमर्यादा विस्तारली, शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांची टंचाई तीव्र झाली आणि अनेक कौन्सिलांची या खात्यावरील तूट वाढत गेली. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ही व्यवस्था आर्थिकदृष्ट्या टिकाऊ नसल्याचा निष्कर्ष काढला. कौन्सिलांच्या अडचणी काल्पनिक नाहीत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

विलंबाविरुद्ध दाद मागण्याचे या काळातील मार्ग तीन होत. योजना नाकारली किंवा तिच्यातील मजकूर अपुरा असला तर न्यायाधिकरण. योजनेतील साहाय्य मिळत नसेल तर न्यायिक पुनर्विलोकन. आणि दिरंगाईमुळे अन्याय झाला असेल तर स्थानिक शासन व समाजसेवा लोकपाल. प्रत्यक्ष व्यवहारात पुनर्विलोकनाची सुरुवात वकिलाच्या पूर्वसूचना-पत्राने होते. त्यात कलम ४२ चा उल्लेख, न मिळालेल्या साहाय्याचा तपशील आणि उत्तरासाठी साधारणतः १४ दिवसांची मुदत असते. अनेक प्रकरणे या पत्रावरच मिटतात. महिनोन्महिने न सापडलेला उपचारतज्ज्ञ पत्रानंतर काही दिवसांत सापडत असेल, तर विलंबाचे कारण केवळ टंचाई हे नव्हते, असे म्हणण्यास जागा राहते.

लोकपाल संस्था १९७४ च्या कायद्याने स्थापन झाली. प्रारंभी नागरिकाला स्थानिक सदस्यामार्फतच तक्रार करावी लागे. १९८८ मध्ये ही अट शिथिल झाली. २०१७ मध्ये लोकपालांनी नव्या योजनांविषयीच्या पहिल्या १०० चौकशांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ८० टक्के प्रकरणांत कौन्सिलचा दोष आढळला. २०१९ च्या अहवालात हे प्रमाण ८७ टक्के होते. न्यायाधिकरणातील चित्रही असेच आहे. २०२२-२३ मध्ये न्यायाधिकरणाने निर्णय दिलेल्या अपिलांपैकी सुमारे ९८ टक्के अपिलांचा निर्णय पूर्णतः वा अंशतः पालकांच्या बाजूने लागला. दाद मागणाऱ्याला जवळजवळ नेहमीच न्याय मिळत असेल, तर दाद न मागणाऱ्यांचे काय होत असेल, हा प्रश्न या आकड्यांतून उभा राहतो. पत्रव्यवहार, तज्ज्ञांचे अहवाल व वकील यांसाठी लागणारा वेळ, पैसा आणि भाषेवरील प्रभुत्व सर्व पालकांकडे सारखे नसते.

या तीन मार्गांच्या मधील रिकाम्या जागा विलंबाला पुन्हा आश्रय देतात. अपील केलेल्या विषयाची चौकशी लोकपालांना करता येत नाही, असे अपील न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविल्याने अपिलाच्या काळात वाया गेलेल्या महिन्यांबद्दल दाद मागणे कठीण झाले. वार्षिक आढाव्यानंतर सुधारित योजना किती दिवसांत द्यावी याविषयीही संदिग्धता होती. २०२२ मध्ये डेव्हन कौन्सिलच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने आढावा बैठकीपासून १२ आठवड्यांची मर्यादा निश्चित केली, तेव्हा ही एक जागा बंद झाली.

करोना साथीच्या काळातील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १ मे ते ३१ जुलै २०२० या कालावधीत शिक्षणमंत्र्यांच्या सूचनेद्वारे कलम ४२ चे निरपेक्ष कर्तव्य तात्पुरते बदलून 'वाजवी प्रयत्न' करण्यापुरते मर्यादित केले गेले. २०१० मध्ये न्यायालयाने जो बचाव नाकारला होता, तो येथे कायद्याच्या मार्गाने काही काळ मान्य झाला. त्याविरुद्धचे आव्हान न्यायालयात यशस्वी झाले नाही. एका शब्दाच्या बदलाने पालकांच्या हातातील साधन किती दुबळे होते, हे त्या तीन महिन्यांत स्पष्ट झाले.

७. भारतीय संदर्भ

वॉर्नॉक समितीने रूढ केलेली 'विशेष गरजा' ही संज्ञा १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याद्वारे जगभर पोहोचली आणि भारतात सर्व शिक्षा अभियानाच्या परिभाषेत स्थिर झाली. संज्ञा आली, तरी तिच्यामागील वैयक्तिक लेखी योजना, मुदत आणि स्वतंत्र न्यायाधिकरण ही रचना आली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ व १७ सर्वसमावेशक शिक्षणाची कर्तव्ये सांगतात. कलम ८१ नुसार राज्य आयुक्तांच्या शिफारशीवर केलेली कार्यवाही संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवावयाची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित करण्याचे निर्देश दिले, २०२२ मध्ये ते प्रमाण अधिसूचित झाले आणि तरीही पदे मंजूर करून भरती करण्यासाठी न्यायालयाला २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा आदेश द्यावे लागले. आदेश आणि अध्यापक यांमधील अंतराचा इंग्लंडमधील अनुभव येथेही अपरिचित नाही.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, १९८१ च्या कायद्याने कर्तव्य दिले पण मुदत दिली नाही, तेव्हा विलंब मूल्यमापनात होता. १९९४ मध्ये मुदत आली तेव्हा तो लिखित साहाय्य प्रत्यक्षात आणण्याच्या टप्प्यावर गेला. २०१४ नंतर तो अपील, आढावा आणि अंमलबजावणी यांच्या मधल्या जागांत दिसतो. दुसरा, कायद्यातील बहुतेक नेमकेपणा विधिमंडळाने आपण होऊन दिलेला नाही. पालकांच्या तक्रारी, अपिले आणि खटले यांनी तो घडविला आहे. तिसरा, वैयक्तिक दाद मागण्यावर उभी असलेली व्यवस्था दाद मागू शकणाऱ्यांना अधिक आणि न मागू शकणाऱ्यांना कमी देते. म्हणून तज्ज्ञांची उपलब्धता व पुरेसा निधी यांची जोड नसल्यास केवळ न्यायिक उपायांनी विषमता दूर होत नाही.

तरीही हा इतिहास निराशेचा नाही. १९७० पूर्वी ज्या बालकाचे नाव शाळेच्या पटावर येऊच शकत नव्हते, त्याच्या वतीने आज पालक कौन्सिलला तारखेचा जाब विचारू शकतात. हा जाब विचारण्याची वेळ प्रत्येक पालकावर येऊ नये, अशी व्यवस्था घडविणे हे कायदे करणाऱ्यांचे आणि ते राबविणाऱ्यांचे अपुरे राहिलेले कार्य होय.